कळफलकावरची घसरगुंडी

मोबाइलच्या कळफलकावर खेळांच्या रांगेत एक स्कीवाला आहे. दोन हातांत दोन काठ्या, गुडघ्यांत वाकून उतारावरून सुटलेला. आपण त्याला खेळाडू समजतो. जगभरातल्या लिपींचा आणि चिन्हांचा हिशेब ठेवणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र त्याच्या नावाखाली एक बारीकसा खुलासा छापलेला आहे : ‘स्की रिसॉर्ट’. म्हणजे हे चित्र मुळात माणसाचं नाही, जागेचं आहे. हमरस्त्यावरच्या फलकावर काटा-चमचा दिसला की पुढे जेवणाची सोय आहे हे कळतं, तसं ‘इथे बर्फावर घसरायची सोय आहे’ एवढंच त्याला सांगायचं होतं.

त्याच्या शेजारच्या, तळाला पातं लावलेल्या बुटाचंही तेच. त्याच्या नावाखाली लिहिलंय ‘आइस स्केटिंग रिंक’. ही दोन्ही चिन्हं जपानी टेलिव्हिजनमधून आलेली. तिथल्या रेडिओ-टीव्ही उद्योगाच्या ‘आरिब’ या संस्थेनं डिजिटल प्रक्षेपणासाठी खुणांचा एक संच ठरवला होता. टीव्हीच्या पडद्यावर हवामान, रहदारी, नकाशे दाखवताना लागतील अशा त्या खुणा. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीनं हा संच सामावून घेतला, आणि २०१५ मध्ये इमोजींची पहिली अधिकृत यादी तयार झाली तेव्हा स्कीवाल्याला त्यात जागा मिळाली. नकाशावरची खूण अशी खेळाडू होऊन बसली.

हिवाळी खेळांचं हे इमोजी-कुटुंब मोठं आहे. स्कीवाला, स्कीची पट्टी आणि बूट, एका फळीवर उभा राहून घसरणारा स्नोबोर्डर, स्केटचा बूट, लाकडी घसरगाडी, आइस हॉकीची काठी आणि चकती, कर्लिंगचा दगड. वर दोन हिममानव आणि एक हिमकण. पृथ्वीवरच्या बहुसंख्य माणसांनी आयुष्यात एकदाही बर्फावर पाय ठेवलेला नसतो, तरी बर्फावरच्या खेळांना एवढी जागा. क्रिकेटच्या बॅट-बॉलला कळफलकावर यायला २०१५ साल उजाडलं. कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांना अजूनही जागा नाही.

हा भेदभाव कुणी बसून ठरवून केलेला नाही. पण तो आपोआप झालेलाही नाही. इमोजींच्या यादीतले खेळ म्हणजे जगातल्या खेळांची शिरगणती नव्हे. नव्वदच्या दशकातला जपानी नोकरदार सुट्टीत काय करायचा, याची ती नोंद आहे. मग ती यादी जगभर पसरली आणि ज्यांच्याकडे बर्फच नाही त्यांनी तिच्यात आपापले अर्थ भरले. हा लेख या दोन गोष्टींबद्दल आहे : चिन्ह आत कसं येतं, आणि आत आल्यावर त्याचं काय होतं.

बारा बाय बारा

फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘एनटीटी डोकोमो’ या जपानी कंपनीनं ‘आय-मोड’ नावाची मोबाइल इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्यासाठी शिगेताका कुरिता या विशीतल्या कर्मचाऱ्यानं आणि त्याच्या चमूनं १७६ चित्रं तयार केली. कुरिता शिकलेला अर्थशास्त्र. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. प्रत्येक चित्राला जागा बारा ठिपके रुंद आणि बारा ठिपके उंच, म्हणजे सगळे मिळून १४४ ठिपके. एवढ्यात सूर्य, छत्री, हृदय, रेल्वे, बिअरचा ग्लास, सगळं बसवायचं. आय-मोडच्या ई-मेलवर २५० अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे एका अक्षराच्या जागेत एक चित्र मावलं तर मजकूर आणि सूर दोन्ही साधले जात. कुरितानं प्रेरणा घेतली ती हवामानाच्या अंदाजातल्या खुणांवरून, रस्त्यावरच्या पाट्यांवरून आणि मांगा चित्रकथांवरून.

चित्रं असलेला पहिला फोन मात्र हा नव्हे. ‘जे-फोन’ या कंपनीनं १९९७ मध्येच ९० चित्रं असलेला फोन बाजारात आणला होता. पण तो फारसा खपला नाही, आणि घराघरांत पोहोचला तो डोकोमोचा संच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१६ मध्ये हेच १७६ आपल्या संग्रहात घेतले.

त्या १७६ मधले खेळ पाहण्यासारखे आहेत. एक बनियन, म्हणजे एकूणच ‘खेळ’. मग बेसबॉल, गोल्फ, टेनिस, फुटबॉल, स्की, बास्केटबॉल आणि मोटारशर्यतीचा चौकटींचा झेंडा. बस्स. जपानचा राष्ट्रीय अभिमान समजली जाणारी सुमो कुस्ती त्यात नाही. ज्युडो नाही. याचं कारण सरळ आहे : सुमो पाहायची असते, कुणी मित्राला ‘शनिवारी सुमोला येतोस का’ असा मेसेज करून स्वतः आखाड्यात उतरत नाही. टेनिसला, गोल्फला आणि स्कीला असं बोलावणं करतात. ही यादी बेत आखण्यासाठी होती. तिच्यातल्या स्कीचा अर्थ ‘या शनिवार-रविवारी डोंगरात जायचं का?’ असा होता.

स्की आणि बुटाची ही जोडी २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत अधिकृत झाली. जपानी कंपन्यांच्या संचांतला स्नोबोर्डरही तेव्हाच आला. त्याआधी एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर चित्र पाठवलं की पलीकडे भलतंच काही उमटायचं किंवा नुसता चौकोन दिसायचा. गूगल आणि अ‍ॅपल या दोघांना जपानच्या बाजारात उतरायचं होतं. इमोजीशिवाय तिथे फोन किंवा ई-मेल खपणं कठीण. म्हणून त्यांच्याच अभियंत्यांनी युनिकोडकडे पाठपुरावा केला. जपानी संच उचलून जागतिक मानकात ठेवण्यामागे अशी व्यापारी गरज होती. संच उचलताना त्यातल्या खेळांची निवडही सोबत आली. २०११ मध्ये आयफोनवर इमोजीचा कळफलक सगळ्या देशांसाठी खुला झाला आणि जपानी सुट्टीचं सामान जगाच्या खिशात जाऊन पडलं.

मेजर लेर्चची काठी आणि बुलेट ट्रेन

जपानला स्की शिकवली ती एका ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यानं. मेजर थिओडोर फॉन लेर्च यानं १२ जानेवारी १९११ रोजी निइगाता प्रांतातल्या ताकादा इथे जपानी सैनिकांना पहिले धडे दिले. तो शिकवायचा एकाच लांब काठीच्या आधारानं. १२ जानेवारी हा दिवस जपानात आजही स्कीचा दिवस म्हणून ओळखला जातो. निइगाताच का, याचं उत्तर भूगोलात आहे. सैबेरियातून येणारे कोरडे, गार वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात, मध्यभागी उभ्या असलेल्या डोंगरांना धडकतात आणि पश्चिम उतारावर बर्फाचा ढिगारा ओततात. आपल्याकडे सह्याद्री मोसमी वाऱ्यांना अडवून कोकणात पाऊस पाडतो, ते गणित इथे हिवाळ्यात आणि बर्फात होतं. कावाबाताची ‘स्नो कंट्री’ ही कादंबरी याच पट्ट्यातल्या युझावा गावात घडते.

१९७२ चं साप्पोरो हे आशियातलं पहिलं हिवाळी ऑलिंपिक. त्यात सत्तर मीटरच्या स्की-उडीत तिन्ही पदकं जपानी खेळाडूंनी घेतली आणि देश वेडावला. १९८२ मध्ये जोएत्सु शिनकानसेन ही बुलेट ट्रेन धावू लागली. १९८७ मध्ये ‘मला स्कीइंगला घेऊन चल’ अशा अर्थाच्या नावाचा एक प्रेमपट आला. युमी मात्सुतोयाची गाणी, पांढरेशुभ्र डोंगर, नोकरदार तरुण-तरुणी. मग शनिवार आला की तोक्योच्या पोरांनी गाडीच्या टपावर स्की बांधायला सुरुवात केली. डिसेंबर १९९० मध्ये रेल्वेनं ‘गाला युझावा’ हे स्टेशनच थेट स्कीच्या उताराला जोडून टाकलं : तोक्योहून सव्वा-दीड तासात उतरा, तिकीट दाखवून बाहेर पडा की समोर सामान भाड्यानं देणारं काउंटर आणि वर जाणारा पाळणा. नव्वदच्या दशकाच्या ऐन भरात जपानात वर्षाकाठी दीड कोटीहून अधिक लोक बर्फावर घसरायला जात.

फेब्रुवारी १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिक झालं. बरोबर एका वर्षानं आय-मोड आलं. एवढं पाहिल्यावर १४४ ठिपक्यांत स्कीला जागा का मिळाली, हा प्रश्न उरत नाही.

नागानोमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरलं. कॅनडाच्या रॉस रेबॅग्लियाटीनं त्यातलं पहिलं सुवर्ण जिंकलं, तीन-चार दिवसांत त्याच्या चाचणीत गांजाचा अंश सापडला, पदक काढून घेतलं गेलं आणि अपिलात परत मिळालं. स्नोबोर्डर म्हणजे ढगळ कपड्यांचा, नियम न जुमानणारा पोरगा, ही प्रतिमा त्यानं आणखी पक्की केली. अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या ठिकाणी आजही स्नोबोर्डला मज्जाव आहे. बर्फावर दोन पंथ आहेत, आणि त्या पंथातली माणसं इमोजी निवडताना चूक करत नाहीत. एका फळीवर घसरणाऱ्याला तुम्ही दोन पट्ट्यांवरचा स्कीवाला पाठवलात, तर त्याला ते खटकतं.

दगडावरचा पूर्वज

स्कीवाल्याचं चित्र मात्र मोबाइलहून चार-पाच हजार वर्षांनी जुनं आहे. नॉर्वेच्या नूरलान्ड प्रांतात त्रो नावाचं बेट आहे. तिथल्या खडकावर एक आकृती कोरलेली आहे : पायांखाली लांबच लांब पट्ट्या, हातात काठी, डोक्यावर सशाच्या कानांसारखं काहीतरी, गुडघ्यांतून किंचित वाकलेली. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकसाठी खेळांची चिन्हं करायची वेळ आली तेव्हा नॉर्वेच्या कलाकारांनी हीच आकृती समोर ठेवली. खडकातली रेष त्यांनी तशीच थोडी ओबडधोबड राखली आणि तिला कधी बंदूक दिली, कधी हॉकीची काठी.

२०१६ च्या उन्हाळ्यात दोन तरुणांनी त्या मूळ आकृतीच्या रेषा दगडानं गिरवल्या. हेतू विध्वंसाचा नव्हता. पर्यटकांना नीट दिसावी म्हणून. हजारो वर्षांची रेष एका दुपारी कायमची बिघडली. आपल्याकडे बारसू, उक्षी, कशेळीच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहायला जाणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा. तिथेही आकृती ठळक दिसावी म्हणून खडूनं गिरवण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो.

लिलेहामरच्या चिन्हांची परंपरा तोक्योला जाऊन पोहोचते. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना जपानी वाचता येणार नव्हतं. म्हणून कात्सुमी मासारु यांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्येक खेळाचं एक साधं चिन्ह तयार झालं. ओटल आयशरनं १९७२ च्या म्युनिकसाठी तीच कल्पना काटेकोर भूमितीत बांधली. ही सगळी चिन्हं वाट दाखवण्यासाठी होती. पोहायला इकडे, कुस्ती तिकडे. अशा चिन्हाचा अर्थ जितका एकच तितकं ते चांगलं. रस्त्याच्या पाटीला दोन अर्थ निघाले तर अपघात होईल.

इमोजी त्याच घराण्यातला, पण वळण वेगळं. तो वाक्यात बसतो, आणि वाक्यात बसणाऱ्या कुठल्याही गोष्टीसारखा इकडे-तिकडे सरकत राहतो.

कोण काय पाठवतं

झ्युरिकमध्ये राहणाऱ्या कुटुंबानं फेब्रुवारीत स्कीवाला स्टेटसवर ठेवला, तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. स्वित्झर्लंडमध्ये त्या सुमारास शाळांना क्रीडा-सुट्टी असते, मुलं वर्गाबरोबर स्कीच्या शिबिराला जातात, आणि तिकडे गेलेल्या मराठी घरांतली पोरंही मग तिसरी-चौथीत उतारावरून सूं सूं करत येतात. ऑफिसच्या मेसेजमध्ये तिथे हे चिन्ह ‘मी रजेवर आहे’ याचंही काम करतं.

तेच चिन्ह मनालीला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या ग्रुपमध्ये येतं तेव्हा स्कीशी त्याचा संबंध पातळ होतो. मनालीहून सोलंगकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानांची रांग लागते. प्रत्येक दुकानाला नंबर. आत भाड्याचे जाडजूड सूट आणि गमबूट टांगलेले. दुसऱ्याच्या अंगातले आताच उतरलेले, त्यामुळे आतून थोडे ओलसर. सूटच्या पाठीवर दुकानाचा नंबर रंगवलेला, म्हणजे गर्दीत माणूस हरवला तरी सूट हरवत नाही. बर्फापाशी पोहोचलं की स्कीवाले घेरतात. भाव ठरतो, पट्ट्या पायांत अडकवल्या जातात, काठ्या हातात येतात. शिकवणारा हाताला धरून पन्नास-साठ पावलं नेतो, मधे एकदा धप्पकन बसायला होतं, मग फोटो. आजी खुर्चीवर बसून ‘पुरे आता, पाय मोडून घ्याल’ म्हणते. संध्याकाळी हॉटेलात नेटवर्क मिळालं की फोटो चढतात आणि त्यांच्याखाली स्नोबोर्डर, हिममानव, हिमकण एका ओळीत. स्नोबोर्ड तर कुणी डोळ्यांनीही पाहिलेला नसतो. इथे ही चिन्हं म्हणजे ‘आम्ही बर्फ पाहिला’.

पुण्याचा पारा दहा अंशांखाली उतरला की हीच मंडळी कळफलकावरून पुन्हा बाहेर येतात. सिंहगड रस्त्यावरून स्कीवाला घसरतोय, असा विनोद. शेअर बाजार आपटला की लाल आलेखाच्या टोकावरून स्कीवाला खाली येतो. परीक्षेचा निकाल, पक्षाची मतं, संघाची धावसंख्या. जे काही वेगानं खाली गेलं त्याला हा चालतो. गंमत अशी की खऱ्या स्कीत खाली जाणं हेच तर कौशल्य. ते उत्तम जमलं की पदक मिळतं. बर्फ नसलेल्या जगानं मात्र उतार म्हणजे अधोगती असं गृहीत धरलंय.

पुण्यात रोलर स्केटिंगचे वर्ग पुष्कळ. चाकांच्या स्केटचं चिन्ह कळफलकावर आलं २०२० मध्ये. तोवर स्केटिंग स्पर्धेत पदक मिळवणाऱ्या मुलाचं कौतुक करायला पात्याचा, बर्फावरचा बूटच हाताशी होता. डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या ट्रॅकवर सराव केलेल्या पोराच्या नावापुढे बर्फाचा बूट, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

काही अर्थ काळोखातले आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत कोकेनला ‘बर्फ’ म्हणण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी. तिचाच धागा पकडून हिमकण आणि हिममानव अमली पदार्थांच्या देवाणघेवाणीत सांकेतिक खूण म्हणून वापरले जाऊ लागले. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेनं २०२१ मध्ये पालकांसाठी अशा चिन्हांचा तक्ताच काढला. त्यात तिनं एक शहाणपणाची सूचनाही केली होती : नुसतं चिन्ह म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, मुलाच्या वागण्यातला बदल पाहा. आपल्याकडे असे तक्ते फॉरवर्ड होताना नेमकी ती सूचना गळते. ख्रिसमसच्या शुभेच्छा देणाऱ्या पोराची चौकशी सुरू व्हायला मग वेळ लागत नाही.

आणखी एक नमुना झाडूचा. कर्लिंगचा दगड २०१७ मध्ये आला. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ एल्सा क्रेग नावाचं निर्मनुष्य बेट आहे. ऑलिंपिकमध्ये वापरले जाणारे दगड तिथल्या ग्रॅनाइटचे असतात. एकेक दगड अठरा-वीस किलोचा. तो बर्फावरून सरकवायचा आणि त्याच्या पुढे दोघांनी धावत धावत बर्फ घासायचा, म्हणजे तो लांब आणि सरळ जातो. खेळ असा की दगडाशिवाय आणि झाडूशिवाय होतच नाही, पण इमोजीत आधी नुसता दगड आला. झाडू पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, घरगुती वस्तूंबरोबर आला. कॅनडातले खेळाडू आता दगडाशेजारी झाडू ठेवून वाक्य पूर्ण करतात. आपल्याकडे तोच झाडू दिवाळीच्या साफसफाईच्या मेसेजमध्ये फिरतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केरसुणीच्या पूजेच्या फोटोखालीही. एकाच चित्राची ओटावामध्ये एक ड्यूटी आणि नाशकात दुसरी.

रंग कुणाला, कुणाला नाही

२०१५ मध्ये माणसांच्या इमोजींना त्वचेचे पाच रंग निवडायची सोय झाली. स्नोबोर्डरला ती मिळाली. स्कीवाल्याला नाही. आजही स्कीवाल्यावर बोट दाबून धरलं तर रंगांची पट्टी उघडत नाही. दोघांपैकी एकालाही स्त्री-पुरुष असे वेगळे अवतार नाहीत. पोहणाऱ्याला, धावणाऱ्याला, लाटेवर स्वार होणाऱ्याला आहेत. गॉगल, हेल्मेट आणि जाड जाकिटाखाली बहुतेक चित्रांत चेहऱ्याचा जेमतेम तुकडा दिसतो, त्यामुळे रंग निवडला तरी फरक शोधावाच लागतो. पण प्रश्न दिसण्यापुरता नाही. बर्फावरचा खेळ हा गोऱ्या आणि पैसेवाल्यांचा, ही समजूत जगभर आहे, आणि त्या खेळाच्या मुख्य चिन्हाला रंग बदलायची मुभा नाही. व्हीलचेअर, कृत्रिम पाय, पांढरी काठी ही चिन्हं २०१९ मध्ये आली. एका पट्टीवर बसवलेल्या आसनातून उतार उतरणारा पॅरा-खेळाडू मात्र कळफलकावर नाही, हिवाळी पॅरालिंपिक १९७६ पासून भरत असूनही.

या कुटुंबात भारतीय चेहरा कुठे बसवायचा असेल तर घसरगाडीवर. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिवा केशवन १९९८ मध्ये नागानोला ल्यूज शर्यतीत उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. ल्यूज म्हणजे पाठीवर झोपून, पाय पुढे करून, बर्फाच्या नळीतून सुसाट खाली यायचं. भारतात अशी नळी नव्हती, म्हणून त्यानं घसरगाडीला चाकं लावली आणि हिमालयातल्या घाटरस्त्यांवर, ट्रक आणि मेंढ्यांच्या कळपांमधून वाट काढत सराव केला. २०१८ पर्यंत तो सहा ऑलिंपिक खेळला. २०१४ मध्ये सोचीला भारतीय ऑलिंपिक संघटनेवर बंदी असल्यानं त्याला तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजाखाली उतरावं लागलं. कळफलकावरची घसरगाडी लहान मुलांची, लाकडी. केशवनची चाकांची गाडी त्या चित्रात बसत नाही, पण कळफलकावर त्याच्यासाठी त्याहून जवळचं काही नाही.

मनालीचीच आंचल ठाकूर जानेवारी २०१८ मध्ये तुर्कीत कांस्यपदक जिंकून स्कीत आंतरराष्ट्रीय पदक मिळवणारी पहिली भारतीय ठरली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटा आरिफ खान गेला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. त्या ऑलिंपिकमध्ये जवळजवळ सगळा बर्फ यंत्रांनी तयार केलेला होता. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी पिवळं गवत दिसत होतं. बर्फ फेब्रुवारीत पडला. २०२५ मध्ये तिथली खेलो इंडिया स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हिशेब मांडला : प्रदूषण असंच वाढत राहिलं तर आजवर हिवाळी ऑलिंपिक भरवलेल्या एकवीस ठिकाणांपैकी शतकाच्या अखेरीस एकच ठिकाण भरवशाचं उरेल. साप्पोरो.

आत यायचं दार

युनिकोडचा एक नियम कडक आहे. एकदा आत आलेलं चिन्ह पुन्हा कधीही काढलं जात नाही. जुने दस्तऐवज बिघडू नयेत म्हणून. त्यामुळे उतारावर बर्फ राहो न राहो, स्कीवाल्याची जागा पक्की आहे. जे आधी आले त्यांना कायमचं आरक्षण, आणि नंतरच्यांनी अर्ज भरायचे.

मराठी माणसाला हे दार अनोळखी नाही. ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’ लिहायला लागणारं ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, म्हणजे स्कीवाल्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी. तोवर अ वर चंद्र चढवायच्या खटपटी चालत, आणि काही फाँटांत मधे ठिपक्यांचं वर्तुळ उमटे. रुपयाचं ₹ हे चिन्ह भारत सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. ते रेखाटणारे डी. उदय कुमार मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये दाखल झालं, ज्या आवृत्तीत स्कीचा बूट आणि स्नोबोर्डर आले त्याच आवृत्तीत. सरकारनं पाठ धरली तर तीन महिन्यांत काम होतं. दिवाळीची पणती आली २०१९ मध्ये. तिच्याबरोबर साडी, रिक्षा आणि मंदिर. तोवर आपण एकमेकांना मेणबत्त्या पाठवत होतो.

इमोजीचा प्रस्ताव कुणीही पाठवू शकतो. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात. छोट्या आकारातही चित्र ओळखू आलं पाहिजे, ते पुष्कळांकडून वापरलं जाईल याचा पुरावा दिला पाहिजे, आधीच्या चिन्हानं काम भागत असेल तर नकार. आणखी एक निकष आहे, जो या सगळ्या गोष्टीला लागू पडतो : चित्राला मूळ वस्तूपलीकडचा, लाक्षणिक अर्थ असेल तर त्याची बाजू बळकट होते. स्कीवाल्याला ही परीक्षा द्यावीच लागली नाही. तो जपानी टीव्हीच्या संचातून आला, आणि लाक्षणिक अर्थ त्याला नंतर लोकांनी दिले.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला; पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्या रात्री अभिनंदनाच्या मेसेजमध्ये पळणारा माणूस, तिरंगा आणि चषक एवढ्यावरच भागवावं लागलं. खो-खोच्या अर्जात काय लिहायचं ते मात्र तयार आहे. पाठमोऱ्या बसलेल्याच्या पाठीवर पडणारी थाप हे चित्र लहान आकारातही दुसऱ्या कशाशी घोटाळत नाही. आणि लाक्षणिक अर्थाचं म्हणाल, तर काम दुसऱ्यावर सोपवणाऱ्याला आपण ‘खो दिला’ म्हणतो, आणि जमत आलेलं बिघडवणाऱ्याला ‘खो घातला’. ऑफिसच्या ग्रुपमध्ये हे चिन्ह रोज लागेल, मैदानाचं तोंड न पाहिलेल्यांनाही. स्कीवाल्याचं आयुष्य असंच तर चाललंय. त्याच्यासाठी कुणीतरी एकदा संच ठरवला होता. खो-खोसाठी कुणीतरी बसून तो अर्ज भरायचा आहे.